रायगडाची चढण

गडकोटांचा इतिहास लिहिताना आमच्या इतिहासकारांनी तट, बुरूज, वाडे, वेढे आणि तहनामे यांची जितकी बारकाईने चौकशी केली, तितकी त्या गडांवर चढणाऱ्या वाटांची केली नाही. वाट ही पायांखाली जाणारी वस्तू. माथा गाठला की ती विस्मरणात जाते, आणि तिच्यावर शिलालेख नसल्यामुळे तिला कोणी साक्षीला बोलावीत नाही. तथापि ज्या राज्याचा सारा भरंवसा डोंगरावर होता, त्या राज्याने डोंगरावर जाणारी वाट कशी असावी याचा विचार वाड्यांच्या नक्षीपेक्षा अधिक काळजीने केला होता; आणि वाडे जळून त्यांची जोती तेवढी उरली असताना, ती चढण मात्र जवळजवळ त्याच वळणांनी आजही माणसाचा दम पाहते. रायगडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतची वाट ही या दृष्टीने मराठी राज्याच्या दप्तरातील एक अस्सल कागद आहे, आणि तो वाचण्यास पायांखेरीज दुसरे साधन नाही.

सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून तुटून कोकणाच्या अंगाला एकटाच उभा राहिलेला हा डोंगर समुद्रसपाटीपासून पावणेतीन हजार फुटांच्या आसपास उंच आहे. काळ आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांनी त्याला बाजूंनी वेढले आहे. पूर्वेस दरीपलीकडे लिंगाण्याचा सुळका आणि त्याच्यामागे घाटमाथ्याची भिंत, तर दक्षिणेस थोड्याच अंतरावर सावित्रीकाठचे महाड हे जुने बंदर. घाटावरून येणाऱ्यास बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ अशा उभ्या घळींतून उतरून, दरी ओलांडून, पुन्हा हा डोंगर चढावा लागे. समुद्राकडून येणाऱ्यास खाडीचा प्रवास संपवून जंगलातून पाचाडच्या खिंडीपर्यंत यावे लागे. दोन्ही बाजूंनी येणाऱ्याचा अर्धा दम गडाची पहिली पायरी लागण्यापूर्वीच संपलेला असे, आणि ही सृष्टीने आयती करून ठेवलेली व्यवस्थाच या डोंगराच्या भाग्योदयाचे मूळ ठरली.

१६५६ मध्ये जावळीचे मोरे मोडले गेले आणि त्यांनी आश्रय घेतलेला रायरीचा हा डोंगर शिवाजीमहाराजांच्या हाती आला. महाराजांनी हा डोंगर पाहिला तेव्हा त्यांच्या मनात काय आले, हे कृष्णाजी अनंत सभासदाने पुढे १६९७ च्या सुमारास जिंजीस लिहिलेल्या बखरीत नमूद केले आहे. ताशीव कडे, पावसाळ्यातही ज्यांवर गवताची काडी उगवत नाही असा एकसंध पाषाण, आणि दौलताबादेचा प्रसिद्ध किल्लाही उंचीत ज्याच्यापुढे थिटा पडावा अशी जागा पाहून तख्तास हाच गड योग्य असे महाराजांनी ठरविले, असा त्या वर्णनाचा आशय आहे. राजधानीची जागा निवडताना पाण्याची सोय, शेतीची सुपीकता, दळणवळणाची सुलभता यांचा विचार करावा असे राज्यशास्त्र सांगते. येथे मात्र दळणवळणाची दुर्घटता हाच मुख्य गुण मानला गेला. तोवरची राजधानी राजगड मोगलांच्या पुण्याच्या छावणीपासून फार दूर नव्हती. रायगड त्या मानाने आडवळणी, तरीही महाडच्या बंदराला आणि जंजिरेकर सिद्दीवर नजर ठेवावयाच्या कोकणपट्टीला जवळचा. १६७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत कारभार राजगडावरून इकडे हलला, आणि हिरोजी इंदुलकरासारख्या कसबी माणसाच्या देखरेखीखाली गडाच्या माथ्यावर वाडे, तलाव, कोठारे आणि बाजारपेठ उभी राहिली.

माथ्यावर एवढे नगर वसवावयाचे, त्याला धान्य, लाकूड, चुना, तूप, दारूगोळा सारे खालून पुरवावयाचे, आणि तरीही वर येणारी वाट सुलभ होऊ द्यावयाची नाही, हा या वाटेच्या रचनेतला खरा पेच होता. त्यामागचे धोरण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरणात स्पष्ट शब्दांत मांडलेले आढळते. आज्ञापत्र महाराजांच्या पश्चात, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झाले. पण त्यातील अनुभव शिवकालाचा आहे. गडावर येणारा मार्ग सुगम नसावा. असलाच तर तो मोडून त्यावर झाडी वाढू द्यावी आणि परक्या फौजेस कठीण पडेल असा दुसरा घालावा. दरवाजा खालून दिसू नये, बुरुजांच्या आड लपावा. गडास एकच दरवाजा असणे हा दोष, म्हणून दोन-तीन दरवाजे आणि तशाच चोरदिंड्या असाव्यात. गडासमोर त्याच्या तोडीचा दुसरा डोंगर तोफेच्या माऱ्यात असू नये, असल्यास तो फोडावा अथवा तोही बांधून ताब्यात घ्यावा. आणि घेऱ्यातील झाडी जिवापलीकडे राखावी, हा त्या उपदेशाचा सारांश. रस्ते बांधणारी राज्ये जगात पुष्कळ झाली. वाट बिकट राखणे हे ज्याच्या कारभाराचे एक कलम होते, असे राज्य विरळा. रायगडाच्या चढणीचे प्रत्येक वळण या कलमाची अंमलबजावणी आहे.

ती वळणे क्रमाने पाहावीत. पाचाडास जिजाबाईसाहेबांचा वाडा होता. वृद्धापकाळी गडावरचा गार वारा त्यांना मानवेना म्हणून तो खाली बांधला, असे सांगतात. तेथील विहिरींपैकी एकीस तक्क्याची विहीर म्हणतात, कारण तिच्या काठावर टेकून बसावयास तक्क्यासारखी घडविलेली दगडी बैठक आहे. पाचाडची पेठ ही गडाची खालची ओसरी होती. गडावर जाणारा माल आणि माणूस येथे थांबे, विचारपूस होई, आणि परवानगी मिळाल्यावरच वर सुटे. पुढे चित् दरवाजा होता. त्याचे आता नाव तेवढे राहिले. त्याच्यावर खुबलढा बुरूज असा बसविला होता की खिंडीतून येणारा माणूस चढण सुरू होण्यापूर्वीच त्याच्या माऱ्यात सापडावा. दुसऱ्या बाजूने नाणे दरवाज्याची वाट येई. त्याच्या कमानी आणि पहारेकऱ्यांच्या देवड्या अद्याप उभ्या आहेत. तेथून वाट डोंगराच्या अंगाने वर सरकते, मदारमोर्चाच्या सपाटीवर क्षणभर विसावते आणि पुन्हा उभी होते. या चढणीत माणसाच्या डोक्यावर सतत कडा असतो, पण दरवाजा कोठे आहे याचा थांगपत्ता लागत नाही. अगदी समोर आल्यावर दोन प्रचंड बुरूज, एक सुमारे ७५ फूट आणि दुसरा सुमारे ६५ फूट उंच, एकमेकांकडे वळलेले दिसतात, आणि त्यांच्या कुशीत महादरवाजा प्रकट होतो. त्या बुरुजांमधील चिंचोळ्या जागेत हत्तीला धाव घेण्यास अवकाश नाही, फौजेला फळी धरण्यास जागा नाही, आणि वरून पडणारा दगडही वाया जात नाही. दरवाज्याच्या कमानीवर कमळे कोरलेली आहेत. धापा टाकीत आलेल्या माणसाचे पहिले स्वागत त्या कमळांनी व्हावे, ही योजना करणाऱ्याची रसिकता नाकारता येत नाही.

अशा वाटेवर रोजची वहिवाट कशी चालत असेल? गडाचा कारभार हवालदार, सरनौबत आणि सबनीस या समान दर्जाच्या अंमलदारांत वाटलेला असे आणि कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे असे. एकाच माणसाच्या अथवा एकाच जातीच्या हाती गड राहू नये, हा त्यातील हेतू सभासदाने सांगितला आहे. घेऱ्यातील मेटांवर पहारे, तटावर रात्रीची गस्त, आणि सूर्यास्ताबरोबर दरवाजे बंद. हिरकणीची सर्वश्रुत दंतकथा या शेवटच्या नियमावरच उभी आहे. दूध घालण्यास गडावर आलेल्या त्या गवळणीस दरवाजे बंद झाल्यामुळे घरी तान्ह्या मुलाकडे जाता येईना, म्हणून ती रात्रीच्या वेळी कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सत्कार केला आणि ती उतरली तेथे बुरूज बांधविला. कथेची ऐतिहासिकता कोणीही तपासावी. तिच्यातील व्यवहार मात्र सर्वस्वी खरा आहे. वात्सल्याचे कौतुक करावयाचे, पण ज्या फटीतून ते उतरले ती फट बुजवून टाकावयाची, ही किल्लेदाराची बुद्धी लोकांच्या स्मृतीने बरोबर टिपली. शिवाय राजधानीला दूध पुरविणारे हात पायथ्याच्या गावांतून रोज ही चढण चढत असत, ही गोष्ट बखरींतून निसटली असती ती या कथेने सांभाळली.

या वाटेचे परकीयाने केलेले विस्तृत वर्णन १६७४ च्या मे-जूनमधील आहे. राज्याभिषेकाच्या निमित्ताने मुंबईकर इंग्रजांनी हेन्री ऑक्झिंडेन यास नजराणा घेऊन पाठविले. तो पाचाडास पोहोचला तेव्हा महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनास गेले होते, त्यामुळे त्यास पायथ्याशी तिष्ठत बसावे लागले. कोकणातील वैशाखाचा उकाडा आणि समोर उभा असलेला तो काळा कडा यांच्या सहवासात काढलेले ते दिवस त्याला सुखाचे गेले नसावेत. पुढे आज्ञा होऊन तो वर चढला, आणि वाटेची अरुंदता, खडकात खोदलेल्या पायऱ्या, दरवाजे व तट पाहून त्याने असा अभिप्राय नोंदविला की, पुरेसा शिधा असल्यास थोडी माणसेही हा गड साऱ्या जगाविरुद्ध राखू शकतील. ६ जूनच्या समारंभात दरबाराच्या दरवाज्याशी त्याला दोन लहान हत्ती आणि दोन सुंदर घोडे उभे दिसले, आणि एवढ्या बिकट वाटेने ही जनावरे वर आणली कशी याचे कोडे त्याला सुटेना. सिंहासन, छत्र आणि जडजवाहीर पाहिलेल्या वकिलाने या गोष्टीचेही आश्चर्य टिपून ठेवावे, यात त्या चढणीचा सन्मानच आहे. कारण हत्ती कोणत्याही राजाच्या दारी असतात, परंतु या दारापर्यंत ते आणणे हे सामर्थ्याचे वेगळेच प्रमाण होते.

या वकिलातीसंबंधी एक गमतीची हकीकत इंग्रज वैद्य फ्रायर याच्या प्रवासग्रंथात आली आहे. गडावरील लोकांचा आहार साधा. मांसाला गिऱ्हाईक जवळजवळ नाही. इंग्रजांना मात्र रोज बकऱ्याचे मांस लागे. त्यांना मांस पुरविणारा वृद्ध खाटीक एके दिवशी ती सारी चढण चढून केवळ त्यांचे दर्शन घेण्यास आला. इतकी वर्षे धंदा करून जेवढे मांस खपले नाही तेवढे या मंडळींनी थोड्या दिवसांत खपविले, तेव्हा हे भक्षक दिसतात तरी कसे, हे त्यास पाहावयाचे होते. रायगडाच्या माथ्यावर निव्वळ काही तरी पाहण्यासाठी, हौसेने चढून आलेला पहिला ज्ञात माणूस कोण, असे कोणी विचारल्यास या खाटकाचे नाव पुढे करावे लागेल. दुर्दैवाने त्याचे नाव कोणी टिपून ठेवले नाही.

राज्याभिषेकानंतर पंधरा वर्षांतच वाटेची खरी परीक्षा झाली. १६८९ मध्ये संभाजीमहाराज पकडले गेले आणि इतिकादखानाने, म्हणजे पुढे झुल्फिकारखान म्हणून नावारूपास आलेल्या सरदाराने, गडास वेढा घातला. राजपुत्राने गडाबाहेर पडून राज्य राखावे, असा निर्णय येसूबाईंच्या सल्ल्याने झाला, आणि राजाराममहाराज वेढ्यातून निसटले. ते वाघ दरवाज्याने उतरले अशी परंपरा आहे. तो दरवाजा आजही पाहावयास मिळतो. त्यातून बाहेर डोकावल्यास पायांखाली नुसती दरी दिसते. तेथून दोराच्या आधाराने कसेबसे उतरता येईल, पण वर येण्याची कल्पनाही करवत नाही. एकच दरवाजा असणे हा दोष, असे अमात्यांनी का लिहिले, त्याचे उत्तर या कमानीत आहे. राजाच्या राबत्यासाठी बांधलेल्या महादरवाज्याने राज्याचे वैभव वाढविले असेल. राज्याचा वंश वाचविला तो या अडगळीच्या दिंडीने. गड त्याच वर्षाच्या अखेरीस पडला, येसूबाई व बाळ शाहू मोगलांच्या कैदेत गेले, आणि पुढे सिद्दीच्या अमलाखाली गेलेला हा डोंगर १७३३ मध्ये पुन्हा मराठ्यांकडे आला.

दुसरी परीक्षा १८१८ ची. या वेळी शत्रूने वाटेशी झुंज घेतलीच नाही. पेशवाईच्या शेवटच्या दिवसांत बाजीरावाची पत्नी वाराणशीबाई गडावर होती. अरब शिबंदी लढावयास तयार होती. कर्नल प्रॉथरच्या पलटणींनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढविल्या आणि तेथून गोळ्यांचा वर्षाव केला. दारूचे कोठार पेटले, आग वाड्यांत पसरली, आणि १० मे रोजी गड स्वाधीन झाला. जवळचा डोंगर तोफेच्या माऱ्यात असू देऊ नये, हा आज्ञापत्रातील इशारा शंभर वर्षे कागदावर पडून होता. तोफेचा पल्ला वाढत गेला, पोटला मात्र जेथे होता तेथेच मोकळा राहिला. सतराव्या शतकाने अभेद्य केलेली चढण एकोणिसाव्या शतकाने न चढताच जिंकली. डोंगरी राज्याच्या युगाची समाप्ती कोणत्या दिवशी झाली, हे सांगावयाचे तर पुण्याच्या शनिवारवाड्यावरील निशाण उतरण्याइतकाच हा दिवसही विचारात घ्यावा लागेल.

त्यानंतर वाटेवर रान माजले. गडाला लष्करी किंमत उरली नाही, आणि दुसरी कोणती किंमत असते याची जाणीव अद्याप उत्पन्न व्हावयाची होती. माथ्यावर धनगरांच्या झोपड्या राहिल्या. त्यांची गुरे जुन्या पेठेच्या जोत्यांवर चरत, आणि ताक-दही विकण्यास उतरणाऱ्या त्यांच्या पायांनीच वाट पुसून जाऊ दिली नाही. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी कुलाबा गॅझेटियरात गडाचे सविस्तर वर्णन आले. त्याच वर्षीच्या ‘बुक ऑफ बॉम्बे’ या ग्रंथात जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने महाराजांच्या समाधीच्या दुरवस्थेबद्दल खेद व्यक्त केला. एवढे मोठे राज्य स्थापन करणाऱ्या पुरुषाच्या समाधीस दुरुस्तीसाठी कोणी एक रुपया खर्चू नये, हा परक्याने मारलेला टोला महाराष्ट्राच्या वर्मी बसला. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून या प्रश्नास वाचा फोडली, निधी उभा राहू लागला, आणि १८९६ च्या एप्रिलात गडावर शिवजयंतीचा पहिला मोठा उत्सव झाला.

त्या उत्सवाचे राजकीय महत्त्व सर्वांस ठाऊक आहे. वाटेच्या इतिहासातील त्याचे महत्त्व निराळे आहे. ज्या चढणीवरून आजवर वकील, कैदी, ओझेकरी, शिपाई आणि गवळी चढत होते, तिच्यावरून त्या दिवशी वकिली करणारे, शाळामास्तर, विद्यार्थी आणि कारकून चढले. कोणी त्यांस बोलावले नव्हते, कोणाचा हुकूम नव्हता, आणि वर त्यांचे काही काम नव्हते. पंढरीची वाट तुडविण्याची ज्या समाजास शतकांची सवय, त्याने गडाच्या वाटेलाही वारीची प्रतिष्ठा दिली. शत्रू थकावा म्हणून रचलेल्या चढणीवर आता आपलेच लोक भक्तीने थकू लागले, आणि त्या थकण्यालाच पुण्य मानू लागले. आज महाराष्ट्रात ‘गड करणे’ म्हणून जी प्रथा रूढ आहे, पाठीवर शिदोरी घेऊन आठवड्याच्या सुट्टीत डोंगर चढणाऱ्या तरुणांचे जे जथे दिसतात, त्यांच्या वंशावळीचा मूळपुरुष या उत्सवातच शोधावा लागतो. पुढे समाधीचा जीर्णोद्धार झाला; आवळसकरांसारख्या अभ्यासकांनी गडाची जीवनकथा लिहिली; गोपाळ नीलकंठ दांडेकरांनी दुर्गभ्रमणाला साहित्यात मानाचे स्थान मिळवून दिले; आणि राजगड, तोरणा, रायगड असा डोंगरधारेवरून व नाळेतून केलेला प्रवास हा गिरिप्रेमी तरुणांच्या उमेदवारीचा भाग बनला.

याबरोबरच वाट सोपी करण्याचे प्रयत्नही सुरू झाले, आणि त्यांस दोष देण्याचे कारण नाही. महाडपासून मोटाररस्ता पाचाडपर्यंत आणि तेथून चित् दरवाज्याच्या जागेपर्यंत आला. जुन्या निसरड्या चढणीवर हजाराहून किती तरी अधिक पायऱ्या बांधल्या गेल्या. वृद्धांसाठी डोल्या होत्याच. आणि १९९६ पासून दोरवाट सुरू होऊन, चढण्यास दोन-अडीच तास घेणारा माथा काही मिनिटांत गाठता येऊ लागला. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनाही समाधीपुढे हात जोडण्याचा हक्क आहे, आणि तो या सोयीने त्यांना मिळवून दिला. मात्र पाळण्यात बसून वर जाणारा महादरवाजा चुकवून जातो. खुबलढ्याचा मारा, मदारमोर्चाचा विसावा, बुरुजांच्या कुशीत लपलेली कमान यांपैकी काहीही त्याच्या वाट्यास येत नाही. त्याला राजधानी दिसते, पण ती राजधानी का झाली हे दिसत नाही.

माथ्यावरील देखाव्याचाही अर्थ या चढणीवाचून अपुरा राहतो. टकमकाच्या टोकावर अथवा पूर्वेकडील भवानी टोकावर उभे राहिल्यास जे दिसते ते डोळ्यांचे पारणे फेडणारे आहे, यात शंका नाही: समोर लिंगाणा, त्याच्यामागे राजगड आणि तोरणा, उत्तरेस कोकणदिवा, दक्षिणेस मकरंदगड आणि प्रतापगडाच्या बाजूचे डोंगर, खाली खोऱ्यांतली भातखाचरे. परंतु येथे उभा राहणारा सतराव्या शतकातील पहारेकरी ते पाहण्यास आला नव्हता. त्याची नजर कोकणदिव्याकडून घाटवाटेची आणि महाडच्या अंगाने खाडीची खबर घेत होती. आपल्यास जो देखावा वाटतो तो त्याच्या लेखी राज्याचा नकाशा होता, आणि त्या नकाशावरील प्रत्येक शिखर हे चौकीचे ठिकाण होते. टकमकाच्या कड्यावरून गुन्हेगारांचा कडेलोट होत असे, ही परंपरा ध्यानात घेतली तर त्याच टोकावर निर्धास्तपणे उभे राहून वाऱ्याची मौज घेण्याची आपली चैन किती अलीकडची आहे, हेही कळते. शिखरावरचे सौंदर्य तेव्हाही होते; ते निवांतपणे पाहता येण्यासाठी आधी भय सरावे लागले.

जुन्या वास्तू राखण्याचा विचार आता सर्वत्र होत आहे, आणि जोती साफ करणे, तटांची डागडुजी करणे, समाधीचा परिसर नेटका ठेवणे ही कामे होत राहतील. त्या यादीत वाटेचे नाव घालावयास हवे. वाड्याचे छप्पर कसे होते याबद्दल विद्वानांत वाद आहेत आणि ते राहतील, कारण छप्पर जळून गेले. चढण कशी होती याबद्दल वादास जागा नाही, कारण ती आहे. नाणे दरवाज्याची जुनी वाट, खडकातील खोदीव पायऱ्या, मेटांच्या जागा आणि घेऱ्यातील झाडी यांना महादरवाज्याइतकेच स्मारकाचे मोल दिले, आणि नवी सोय करताना जुनी अडचण मोडू दिली नाही, तर पुढच्या पिढीलाही राज्यव्यवहाराचे हे कलम स्वतःच्या श्वासाने तपासून पाहता येईल. ज्यांनी हा गड बांधला त्यांनी चढण हेच त्याचे पहिले बांधकाम मानले होते. जतन करणाऱ्यांनीही तोच क्रम धरावा.